‘सदरील प्लॉट फक्त रहिवासाकरिता’: खरेदीखतातली अट कोर्ट कशी वाचतं

शेजारच्या प्लॉटवर पिठाची गिरणी सुरू झाली की माणूस कपाटातून दोन कागद काढतो. एक लेआउटचा नकाशा, दुसरी स्वतःची रजिस्ट्री. निम्मे दावे इथंच चुकीच्या वाटेला लागतात, कारण आधी पाहायला हवी शेजाऱ्याची रजिस्ट्री आणि त्याच्याही आधीच्या मालकाची. बंधन ज्याच्या जमिनीवर आहे, त्याच्या कागदात ते सापडलं पाहिजे. तुमच्या खरेदीखतात कितीही कडक शब्द असले तरी ते तुम्हाला बांधतात, शेजाऱ्याला नाही.

आधी बंधन कुठून आलं ते ठरवा

‘रहिवासी वापर’ हे शब्द पाच वेगवेगळ्या कागदांत येतात आणि प्रत्येकाची दाद मागायची जागा वेगळी आहे.

खरेदीखतातली खाजगी अट असेल तर दिवाणी कोर्ट. या लेखाचा विषय तोच.

जमीन भाडेपट्ट्यावर असेल, जसं छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या सिडको भागात किंवा म्हाडाच्या वसाहतीत, तर अट पट्ट्याचा भाग असते आणि ती बजावण्याचा पहिला हक्क पट्टा देणाऱ्याचा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ (ओ) नुसार ज्या कामासाठी जागा पट्ट्याने दिली त्याहून वेगळ्या कामासाठी पट्टेदाराला ती वापरता येत नाही. मात्र पट्टा रद्द करून ताबा मागण्याआधी कलम ११४-क प्रमाणे भंग नेमका कोणता हे सांगणारी लेखी नोटीस आणि सुधारायला वाजवी मुदत द्यावी लागते. नोएडातल्या निवासी सेक्टरमध्ये चाललेल्या बँकांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०११ साली आर. के. मित्तल प्रकरणात सवलत दिली नाही. पट्ट्यात आणि आराखड्यात निवासी म्हटलं असेल तर वापर निवासीच हवा, असा तो निकाल होता.

एनए (अकृषिक वापर) आदेशातली अट किंवा राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मोडली असेल, तर तक्रार महापालिकेकडे, नगरपरिषदेकडे किंवा महसूल खात्याकडे. नियोजन प्राधिकरणाने एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली काढलेल्या नोटिशीला दिवाणी कोर्टात आव्हान द्यायला कलम १४९ आडवं येतं, हे लक्षात ठेवा.

प्लॉटधारकांची सहकारी सोसायटी असेल तर उपविधीच्या भंगाचा वाद बहुतेक वेळा सहकारी न्यायालयात, १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली जातो. सोसायटीवर तिच्या कामकाजाबद्दल दावा लावायचा तर निबंधकांना दोन महिन्यांची नोटीस, कलम १६४ प्रमाणे. ही नोटीस न देता लावलेले दावे वर्षं खाऊन फेटाळले जातात.

पाचवा प्रकार खास आपल्याकडचा, मराठवाड्याचा. मदतमाश, खिदमतमाश (निर्वाहासाठी किंवा सेवेसाठी दिलेल्या) इनामाच्या किंवा हैदराबाद कूळ कायद्याच्या जमिनी सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेल्या, म्हणून दिसतात. तिथलं बंधन कायद्यातून आलेलं आहे. ते शेजाऱ्याच्या सोयीसाठी नाही आणि शेजाऱ्याच्या संमतीने सुटतही नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

एक गोष्ट दोन्हीकडून खरी आहे. नगरपालिकेने दुकानाला परवानगी दिली म्हणून खरेदीखतातली खाजगी अट संपत नाही, आणि शेजाऱ्याने लेखी संमती दिली म्हणून नियमावली शिथिल होत नाही.

कोर्टाचा पहिला प्रश्न: या अटीने कुणाच्या जमिनीचं भलं होतं?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाची तीन कलमं एकत्र वाचावी लागतात. कलम १०: घेणाऱ्याला मालमत्ता विकताच येऊ नये अशी सरसकट अट निरर्थक. कलम ११, पहिला भाग: जमीन पूर्ण मालकीने दिल्यावर ‘ती अशीच वापर’ अशी सूचना घेणाऱ्याला पाळावी लागत नाही. दुसऱ्या भागात अपवाद आहे. देणाऱ्याकडे दुसरी जमीन शिल्लक असेल आणि तिचा उपभोग नीट व्हावा म्हणून अट घातली असेल, तर ती बजावता येते. कलम ४० हेच सूत्र पुढच्या खरेदीदारापर्यंत नेतं. ज्याला अटीची माहिती होती किंवा ज्याने जमीन फुकट मिळवली (उदाहरणार्थ बक्षीसपत्राने), त्याच्यावर ती चालते. मोल देऊन, माहिती नसताना घेणाऱ्यावर चालत नाही.

याचं मूळ लंडनच्या लेस्टर चौकात आहे. टल्कने चौकातली बाग विकताना ती बांधकामाविना मोकळी ठेवण्याची अट घातली आणि स्वतःची घरं चौकाभोवती राखली. पुढे मॉक्झेने अट माहीत असताना बाग घेतली आणि बांधायला निघाला. १८४८ साली कोर्टाने त्याला रोखलं. त्याच देशात १९१४ साली लंडन काउंटी कौन्सिलला अशीच अट बजावता आली नाही, कारण तिच्याकडे भलं होण्यासारखी शेजारी जमीनच नव्हती.

आपल्याकडच्या लेआउटला हे थेट लागू पडतं. लेआउट पाडणाऱ्याने सगळे प्लॉट विकून टाकले, रस्ते आणि मोकळी जागा नगरपालिकेकडे गेली, की ‘माझ्या अटीचा भंग झाला’ म्हणून त्याने स्वतः लावलेला दावा बहुधा टिकत नाही. मग प्लॉटधारक एकमेकांवर अट बजावू शकतात का? त्यासाठी १९०८ च्या एलिस्टन विरुद्ध रीचर या इंग्रजी खटल्यातली कसोटी वापरतात. विकणारा एकच हवा, विक्रीआधी जमीन प्लॉटमध्ये पाडून सगळ्यांवर समान बंधन ठरलेलं हवं, बंधन सगळ्या प्लॉटांच्या फायद्यासाठी हवं आणि प्रत्येकाने ते समजून घेतलेलं हवं. व्यवहारात याचा अर्थ असा, की त्याच लेआउटमधल्या आठ-दहा रजिस्ट्र्यांच्या नकला काढा. सगळ्यांत तोच परिच्छेद शब्दशः असेल तर तुमची बाजू मजबूत. निम्म्यांत असेल आणि निम्म्यांत नसेल, तर समान योजना होती हे पटवणं अवघड जातं.

एक परिच्छेद, पाच वाक्यं

असा मजकूर आपल्या भागातल्या दस्तांत हमखास सापडतो:

‘लिहून घेणार यांनी व त्यांचे वारसांनी सदरील प्लॉटचा वापर फक्त रहिवासाकरिता करावा. सदरील प्लॉटमध्ये पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, भंगार किंवा इतर धंदा करू नये. पूर्वेकडील १० फूट जागा कायम मोकळी ठेवावी. सामाईक बोअरच्या मोटारीचा निम्मा खर्च द्यावा. लिहून देणार यांचे संमतीशिवाय प्लॉट विकू नये.’

शेवटापासून सुरुवात करू, कारण शेवटचं वाक्य सगळ्यात आधी पडतं. संमतीशिवाय कधीच विकू नये ही सरसकट मनाई आहे, कलम १० खाली निरर्थक. त्यामुळे बाकीची चार वाक्यं मात्र पडत नाहीत. ‘विकायचा झाल्यास आधी आम्हास विचारावे’ असं असतं तर गोष्ट वेगळी. तो अग्रखरेदीचा हक्क झाला आणि असे हक्क कोर्ट मान्य करतं. (सोसायटीच्या सदस्यत्वाचे उपविधी हा आणखी वेगळा विषय. झोरोस्ट्रियन सोसायटी प्रकरणात २००५ साली सुप्रीम कोर्टाने सदस्यत्व पारशी समाजापुरतं ठेवणारा उपविधी उचलून धरला होता. तो निकाल खाजगी खरेदीखताला जसाच्या तसा जोडू नये.)

चौथं वाक्य काहीतरी करायला लावतं, पैसे द्यायला लावतं. कलम ४० मधलं बंधन रोखणारं असतं, खर्च करायला लावणारं नसतं. म्हणून मूळ घेणाऱ्याने पैसे द्यायचे, पण त्याने प्लॉट विकल्यावर नवा मालक हात वर करू शकतो. उन्हाळ्यात मोटार जळाली की हे भांडण हमखास उभं राहतं. उपाय मसुद्यात आहे. पाणी घेण्याचा हक्कच खर्चाला बांधून टाका: ‘खर्चाचा निम्मा वाटा देत असेपर्यंतच पाणी घेण्याचा हक्क राहील.’

तिसरं वाक्य सगळ्यात जास्त भांडणाचं. ‘मोकळी ठेवावी’ हे ‘करावे’ अशा धाटणीचं असलं तरी आशय ‘बांधू नये’ असाच आहे. कोर्ट आशय पाहतं. लेस्टर चौकातली अटही ‘मोकळी राखावी’ अशीच लिहिलेली होती. खरी अडचण पुढे आहे. १० फूट कुठून मोजायचे, हद्दीच्या दगडापासून की शेजाऱ्याच्या भिंतीपासून? जमिनीवर मोकळं, की वरपर्यंत? पहिल्या मजल्याचा सज्जा तीन फूट बाहेर काढला तर भंग होतो का? पत्र्याचं शेड? उभी केलेली गाडी? अटीचा अर्थ खरोखर दोन बाजूंनी लागत असेल, तर कोर्टाचा कल मालकाच्या मोकळ्या वापराकडे झुकतो, म्हणजे अट अरुंद वाचली जाते. त्यामुळे उभ्या गाडीवर मनाई हुकूम मिळण्याची आशा धरू नका. सज्जाचं उत्तर हेतूवर अवलंबून राहतं आणि हेतू दस्तातच शोधावा लागतो. चतुःसीमेत ‘पूर्वेस लिहून देणार यांचे राहते घर’ असं असेल तर हवा-उजेडाचा हेतू उघड होतो आणि सज्जाही अडचणीत येतो. ‘पूर्वेस ६ मीटर रस्ता’ असं असेल तर ही अट कुणासाठी, हाच प्रश्न पडतो आणि कलम ११ चा पहिला भाग समोर येतो. चतुःसीमा लोक फक्त मोजणीपुरती वाचतात. अटीचा अर्थ लावताना तिच्याइतका उपयोगी मजकूर दस्तात दुसरा नाही.

दुसऱ्या वाक्यात यादी आहे आणि शेवटी ‘इतर धंदा’. यादीत आवाज, धूळ, ठिणग्या करणारे धंदे आले, म्हणून ‘इतर’ही त्याच जातीचा, असं वाचण्याचा नियम आहे. गिरणीवाल्याला तो वाचवत नाही. घराच्या पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन किंवा छोटं किराणा मात्र त्यातून सुटू शकतं. ‘कोणताही व्यापारी वापर’ असं स्वच्छ लिहिलं असतं तर ही पळवाट राहिली नसती.

पहिल्या वाक्यातला शब्द आहे ‘वापर’. ‘राहते घर बांधावे’ आणि ‘रहिवासाकरिता वापर करावा’ यांत फरक आहे. पहिल्यात इमारत कशी असावी एवढंच सांगितलं, आत काय चालतं ते नाही. बंगला बंगल्यासारखाच ठेवून आत क्लास चालवला तर पहिल्या अटीचा भंग सिद्ध करणं कठीण, दुसऱ्या अटीचा सोपा.

लातूरचं उदाहरण: होस्टेल म्हणजे रहिवास का?

ट्यूशन एरियाच्या आजूबाजूच्या वसाहतींत हा प्रश्न रोजचा आहे. दुमजली घरात २० मुली राहतात, खाली मेस. मुली तिथंच झोपतात, जेवतात, अभ्यास करतात, म्हणजे शब्दशः राहतातच. ‘फक्त रहिवासाकरिता’ एवढीच अट असेल तर होस्टेलवाल्याकडे चांगला मुद्दा आहे आणि शंकेचा फायदा त्याला मिळू शकतो. ‘एका कुटुंबाच्या रहिवासाकरिता’ असेल तर त्याची बाजू लंगडी पडते. मेसमध्ये बाहेरची मुलं डबा घ्यायला येत असतील तर तो भाग खानावळ ठरतो आणि होस्टेल वाचलं तरी मेस वाचत नाही. म्हणून दाव्यात ‘होस्टेल बंद करा’ एवढीच मागणी ठेवू नका. बाहेरच्यांना जेवण विकणं, फलक लावणं, बाहेरून लोखंडी जिना चढवणं, प्रत्येक कृतीवर वेगळी दाद मागा.

कागदावर काय दाखवलंय यापेक्षा प्रत्यक्षात काय चाललंय हे कोर्ट पाहतं. चंदीगडच्या पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांत एका प्लॉटवर एकच घर, असा नियम. लोकांनी कागदोपत्री अविभक्त हिस्से विकले आणि प्रत्यक्षात मजलावार फ्लॅट वाटले. १० जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हे थांबवलं. तिथं बंधन नियमांचं होतं, खाजगी कराराचं नव्हतं, पण आडवाटेने केलेल्या भंगाकडे पाहण्याची नजर कळायला ते प्रकरण उपयोगी आहे.

शेजाऱ्याला ‘माहिती होती’ हे कसं दाखवायचं

नोंदणीकृत दस्तातली अट पुढच्या खरेदीदाराला माहीत होती असं मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे गृहीत धरलं जातं, त्याने वाचली नसली तरी. यात दोन खाचा आहेत. पहिली, अट त्याच्या मालकीच्या साखळीतल्या दस्तात हवी. तुमच्याच दस्तात लिहिली असेल तर तो शोध घेताना त्याला ती सापडण्याचं कारण नाही. दुसरी, इंडेक्स २ वर (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताचा गोषवारा) अटी छापल्या जात नाहीत. तिथं पक्षकार, मोबदला, क्षेत्र, मुद्रांक एवढंच येतं. वकिलाने फक्त इंडेक्स २ पाहून शोध अहवाल दिला असेल तर तो अपुरा आहे. दुय्यम निबंधकाकडून पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल काढा आणि किमान मागचे तीन दस्त वाचा. निजामकाळातला उर्दू दस्त निघाला तर भाषांतर जाणकाराकडून प्रमाणित करून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने वाचून सांगितलेला अर्थ कोर्टात चालत नाही.

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचं दुखणं वेगळं. २० बाय ३० चे प्लॉट वर्षानुवर्षं बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न केलेल्या मुद्रांकपत्रावर विकले गेले. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीशिवाय होत नाही, त्यामुळे बॉण्डवरच्या अटीने नव्या खरेदीदाराला माहिती होती असं गृहीत धरता येत नाही. ती प्रत्यक्ष सिद्ध करावी लागते: त्याच्या हातात बॉण्ड दिल्याचा साक्षीदार, त्याने केलेली सही, पाठवलेलं पत्र. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित होऊ शकते, पण नियमितीकरणाच्या प्रमाणपत्राने जुनी खाजगी अट आपोआप नोंदणीकृत होत नाही.

‘त्या वेळी बोलणं झालं होतं’ या वाक्यावर दावा उभा करू नका. लेखी दस्ताच्या विरुद्ध तोंडी करार सांगायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ९५ मनाई करतं (जुन्या कायद्यात ९२). शब्द जागेवर लागूच पडत नसतील, उदाहरणार्थ दस्तात ‘पूर्वेकडील’ आणि जागेवर घर पश्चिमेला, तर मात्र परिस्थितीचा पुरावा देता येतो.

कोर्टात जायचं झाल्यास

पाया खोदताना जा, स्लॅब पडल्यावर नाही. हा क्रम धरा.

भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आधी करून घ्या, हद्दीच्या खुणांसह. फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत येऊ द्या. मोबाइलमधल्या फोटोंना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलची डिजिटल ओळखखूण) त्यात लिहावं लागतं. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. नंतर वकिलामार्फत नोटीस, तीत दस्त क्रमांक, अटीचे जसेच्या तसे शब्द आणि नेमकी कृती. काम जोरात सुरू असेल तर नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका.

दाव्यात कायम मनाई मागा, आणि बांधकाम झालं असेल तर ते काढण्याचा आज्ञार्थक हुकूम (विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ३९). जोडीला याच अधिनियमाच्या कलम ४० खाली नुकसानभरपाईची मागणी सुरुवातीलाच लिहा. ती मूळ किंवा दुरुस्त केलेल्या दाव्यात नसेल तर कोर्टाला देता येत नाही, आणि बांधकाम पाडण्याऐवजी पैसे द्यावेत असं कोर्टाला वाटलं तर तुमच्या हाती काहीच राहत नाही. तात्पुरत्या मनाईसाठी प्रथमदर्शनी बाजू, सोय-गैरसोयीचा तोल आणि न भरून येणारं नुकसान या तिन्ही गोष्टी शपथपत्रात वेगवेगळ्या मांडा. समोरच्याला न ऐकता हुकूम हवा असेल तर उशिराने काय बिघडेल ते लिहा. स्लॅबची तारीख ठरली आहे, हे चांगलं कारण. उलट तुमच्यावर दावा येण्याची भीती असेल तर कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) टाका. ते ९० दिवस टिकतं.

हरण्याची कारणं ठरलेली असतात. सगळ्यात मोठं म्हणजे गप्प बसणं. दोन वर्षं गिरणी चालू दिली, तिथूनच दळण आणलं आणि मग भांडण झाल्यावर दावा लावला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ४१ (जी) आडवं येतं. दुसरं, स्वतःच्याच घरात भाड्याने दुकान दिलेलं असणं. तिसरं, रस्त्यावरची सगळी घरं आधीच दुकानं झालेली असणं. मग रहिवासी वातावरण राखण्याचा हेतूच उरला नाही असं म्हटलं जातं. मुदतीबद्दल, रोज घडणाऱ्या भंगाला मुदत कायद्याचं कलम २२ वाचवतं, पण एकदा उभं राहिलेलं बांधकाम हा रोजचा भंग आहे का यावर वाद होतो. तीन वर्षांच्या आत दावा लावला की तो वादच येत नाही.

अर्धा प्लॉट विकताना अट कशी लिहावी

४० बाय ६० चा प्लॉट आहे, पश्चिमेचा अर्धा ठेवून पूर्वेचा विकताय. मग असं लिहा:

‘लिहून देणार यांचे मालकीत राहिलेला पश्चिमेकडील अर्धा प्लॉट (यापुढे “राखीव प्लॉट”) याला हवा, उजेड व शांतता मिळावी म्हणून, राखीव प्लॉटच्या वेळोवेळीच्या मालकांच्या फायद्यासाठी, विक्री केलेल्या प्लॉटच्या वेळोवेळीच्या मालकांवर बंधन राहील की: (१) सामाईक हद्दीच्या खुणेपासून पूर्वेकडे ३ मीटरपर्यंत जमिनीवर वा तिच्यावरील कोणत्याही उंचीवर भिंत, सज्जा, जिना, शेड वा छत बांधू नये, कुंपण १.५ मीटरपर्यंत चालेल. (२) कोणताही व्यापारी वापर, खानावळ, वसतिगृह वा शिकवणी वर्ग चालवू नये.’

मोजणीचा नकाशा जोडा, ३ मीटरची पट्टी रंगवा, नकाशावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या आणि तो दस्ताचा भाग म्हणून नोंदवा. नकाशा नुसता टाचून ठेवला आणि दस्तात त्याचा उल्लेख आला नाही, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. राखीव प्लॉट पुढे तुम्ही विकाल तेव्हा त्या खरेदीखतातही या दस्ताचा क्रमांक आणि ‘सदर बंधनाच्या लाभासह’ हे शब्द घाला.